सेकंदाखालचे अंक कुठे गळतात : डेटाबेस रेकॉर्ड आणि ऑब्जेक्ट यांच्यातला टाइमस्टॅम्पचा ताळमेळ

ऑब्जेक्ट तयार केला, सेव्ह केला, त्याच आयडीने परत वाचला आणि मूळ ऑब्जेक्टशी ताडून पाहिला. नाव जुळते, रक्कम जुळते, स्थिती जुळते, तरी उत्तर येते की दोन्ही सारखे नाहीत. लॉग उघडला की कारण दिसते. मेमरीतल्या ऑब्जेक्टमध्ये निर्मितीची वेळ १०:१५:३०.९८७६५६७८९ आहे आणि डेटाबेसमधून आलेल्यात १०:१५:३०.९८७६५७.

टेस्ट पडली तर ते नशीबच म्हणायचे, कारण तिथे चूक निदान डोळ्यांसमोर येते. हीच तफावत प्रत्यक्ष चालू प्रणालीत शिरली की काही नोंदी पुढच्या पानावर दिसत नाहीत, कुणीही न छेडलेल्या रेकॉर्डवर 'दुसऱ्याने बदल केला आहे' असा संदेश येतो आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या अहवालात पुढच्या महिन्याची नोंद घुसते. लक्षणे वेगळी असली तरी मूळ एकच आहे. एकच क्षण प्रणालीतल्या प्रत्येक थराने आपापल्या लांबीच्या अंकांत लिहिलेला असतो. म्हणून उपायही एकच आहे. किती अंक ठेवायचे ते आधी ठरवायचे आणि वेळ जिथे जन्मते तिथेच ती तेवढ्या अंकांवर आणायची. तो कसा करायचा ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा : दुखणे नक्की हेच आहे ना?

दोन वेळांमधला फरक मोजा. तो तासांत किंवा पाऊण-अर्ध्या तासांत असेल तर प्रश्न टाइमझोनचा आहे आणि हा लेख त्यासाठी नाही. फरक एका सेकंदाच्या आत असेल तर अंक गळले आहेत किंवा राउंड झाले आहेत. वेळ मध्यरात्रीच्या जवळची असताना तारीखच एका दिवसाने पुढे गेली असेल, तरीही संशय राउंडिंगवरच घ्या.

सगळे अंक जुळूनही तुलना फसत असेल तर भाषेकडे पाहा. गोमध्ये टाइम.नाऊ() मधून आलेल्या वेळेला मोनोटोनिक घड्याळाचे (फक्त पुढेच जाणारे, कालावधी मोजायचे घड्याळ) वाचनही चिकटलेले असते. डेटाबेसमधून आलेल्या वेळेला ते नसते, त्यामुळे दुहेरी बरोबर चिन्हाने केलेली तुलना खोटी ठरते. तिथे ईक्वल ही मेथडच वापरायला हवी. जावाच्या जुन्या वर्गांत आणखी एक खोच आहे. युटिल पॅकेजमधला डेट जेडीबीसीच्या (जावाला डेटाबेसशी जोडणारा थर) टाइमस्टॅम्पला आपल्यासारखा मानू शकतो, पण टाइमस्टॅम्प त्या डेटला कधीच आपल्यासारखा मानत नाही. तुलना कोणत्या बाजूने केली यावर उत्तर बदलत असेल तर ते वर्ग सोडून इन्स्टंट किंवा लोकलडेटटाइमकडे वळा.

दुसरा टप्पा : वेळेचा प्रवास कागदावर काढा

घड्याळ, भाषेतला प्रकार, ड्रायव्हर (भाषा आणि डेटाबेस जोडणारा कोड), कॉलम, पुन्हा ड्रायव्हर, पुन्हा ऑब्जेक्ट, जेसन (डेटा पाठवण्याचे मजकुरी रूप) आणि समोरचा क्लायंट, असा पूर्ण मार्ग लिहून काढा. प्रत्येक थांब्यासमोर तो अपूर्णांकाचे किती अंक धरतो ते नोंदवा.

भाषांपासून सुरुवात करू. जावाचा इन्स्टंट ९ अंक धरतो, पण तो धरू शकणे आणि घड्याळाने ते देणे या दोन गोष्टी आहेत. जावा ८ मध्ये इन्स्टंट.नाऊ() मिलिसेकंदच देत असे. जावा ९ पासून घड्याळ अधिक बारीक झाले आणि जावा १५ पासून लिनक्सवर ते नॅनोसेकंदापर्यंत गेले. मॅकवर मात्र मायक्रोसेकंदच मिळतात. म्हणूनच आपल्या मॅकवर हिरवी असलेली टेस्ट लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर लाल होते, आणि जावाची आवृत्ती वाढवल्यावर कोडची एकही ओळ न बदलता चुका उगवतात. पायथनचा डेटटाइम ६ अंकांवर थांबतो. डॉटनेटचा डेटटाइम १०० नॅनोसेकंदांच्या टिक्समध्ये मोजतो, म्हणजे ७ अंक. गोचा टाइम ९ अंकांचा आहे आणि जावास्क्रिप्टचा डेट फक्त ३.

आता डेटाबेस. पोस्टग्रेसचा टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ६ अंकांचा. मायएसक्यूएलमध्ये ५.६.४ या आवृत्तीपासून अपूर्णांक साठवता येतो, पण मागितला तरच. नुसते डेटटाइम लिहिले की ० अंक मिळतात आणि कमाल मर्यादा डेटटाइम(६) ची. ओरॅकलचा डेट सेकंदापर्यंतच जातो. त्याचा टाइमस्टॅम्प सांगितले नाही तर ६ अंक ठेवतो आणि सांगितले तर ९. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम२ ७ अंकांचा आहे. मोंगोडीबीची तारीख मिलिसेकंदांत असते. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकारच नाही, मजकूर किंवा आकडा म्हणून जे द्याल तेच राहते.

एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम वेगळा पाहावा लागतो. तो सेकंदाच्या ३०० भागांत मोजतो, त्यामुळे मिलिसेकंदाचा शेवटचा अंक नेहमी ०, ३ किंवा ७ येतो. तुम्ही .९९९ दिलेत तर तो पुढच्या सेकंदावर जातो. जुन्या टेबलांशी मॅपिंग करताना ३ अंक मिळतील असे धरून चालाल तर इथे फसाल.

तिसरा टप्पा : खुणेची किंमत पाठवून पाहा

कागदपत्रांवर विसंबू नका, मोजा. एक मुद्दाम निवडलेली वेळ लिहा, कनेक्शन बदलून ती परत वाचा आणि काय आले ते पाहा. सहज सुचणारे .१२३४५६७८९ या कामाला नालायक आहे. ३ अंकांवर राउंड केले काय किंवा छाटले (पुढचे अंक नुसते टाकून दिले) काय, दोन्ही वेळा .१२३ च येते आणि थर नेमके काय करतो ते कळत नाही. मी .९८७६५६७८९ वापरतो. .९८७६५७ परत आले तर ६ अंकांवर राउंडिंग झाले, .९८७६५६ आले तर ६ अंकांवर छाटणी. .९८८ म्हणजे ३ अंकांवर राउंडिंग आणि .९८७ म्हणजे छाटणी. सेकंदच एकाने वाढून अपूर्णांक गायब झाला तर कॉलम ० अंकांचा आहे आणि तो राउंड करतो आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइमवर मात्र हीसुद्धा किंमत फसवी आहे, तिथेही .९८७ च येते. तिथे .९९९ पाठवा.

आणखी दोन किंमती हाताशी ठेवा. पहिली ३१ डिसेंबरची २३:५९:५९.९९९९९९९९९, ती राउंड झाली तर वर्ष बदलते. दुसरी १९७० च्या आधीची एखादी वेळ. तिथे यूनिक्स काळाची, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या सेकंदांची, संख्या ऋण असते आणि बऱ्याच भाषांत ऋण संख्येचा पूर्णांक भागाकार शून्याच्या दिशेने छाटतो. परिणामी छाटलेली वेळ मागे जाण्याऐवजी पुढे जाते. जन्मतारखा किंवा जुनी दफ्तरे साठवणाऱ्या प्रणालीत ही चाचणी अजिबात टाळू नका.

हे मोजताना एक काळजी घ्या. बहुतेक ओआरएममध्ये (टेबलच्या ओळी आणि ऑब्जेक्ट यांची ने-आण करणारी लायब्ररी) एका सेशनमधले ऑब्जेक्ट सेशनच सांभाळून ठेवते. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आयडीने परत वाचले तर हायबरनेट हा जावाचा ओआरएम तुम्हाला मेमरीतलाच मूळ ऑब्जेक्ट देतो, नॅनोसेकंदांसह. डेटाबेसमध्ये काय बसले ते त्यात उमटतच नाही आणि टेस्ट खोटीच पास होते. आधी फ्लश (बदल डेटाबेसकडे पाठवणे), मग क्लिअर (सेशन रिकामे करणे), मग वाचन हा क्रम पाळा. सेकंड लेव्हल कॅशे चालू असेल तर तीही रिकामी करा.

चौथा टप्पा : अंक किती, ते एकदाच ठरवा

पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलवर उभ्या असलेल्या बहुतेक प्रणालींसाठी माझे मत स्पष्ट आहे : ६ अंक. दोन्हीकडे ते पूर्ण बसतात आणि पायथनमध्येही बसतात. मार्गात मोंगोडीबी असेल, किंवा जावास्क्रिप्टचा क्लायंट वेळ वाचून तीच परत पाठवत असेल, तर ३ अंक ठरवा आणि मग सगळीकडे ३ च ठेवा. सगळ्यांत वाईट पर्याय म्हणजे ज्याला जितके जमतील तितके अंक ठेवू देणे.

नॅनोसेकंद खरोखर हवे असतील, उदाहरणार्थ यंत्रांच्या मोजमापांसाठी, तर ६४ बिटांच्या पूर्णांक कॉलममध्ये १९७० पासूनचे नॅनोसेकंद साठवा. चिन्हासह ६४ बिट सन २२६२ पर्यंत पुरतात. पण हा आकडा जेसनमधून संख्या म्हणून पाठवू नका. आजचे नॅनोसेकंद १९ अंकी आहेत, तर जावास्क्रिप्टची संख्या सुमारे ९० लाख अब्जांच्या, म्हणजे १६ अंकी ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. मजकूर म्हणून पाठवा.

वेळ फ्लोटमध्ये ठेवण्याचा मोहही टाळा. ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये आजचे यूनिक्स सेकंद मावल्यावर अपूर्णांकासाठी साधारण पाव मायक्रोसेकंदाची अचूकता उरते. ६ अंक राउंड करून परत मिळवता येतात, पण थेट तुलना आणि छाटणी दोन्ही बेभरवशाच्या होतात. .९८७६५६ हा आतून .९८७६५५९ असा बसलेला असू शकतो आणि छाटताच एक मायक्रोसेकंद जातो.

पाचवा टप्पा : वेळ जन्मतानाच छाटा

हा या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे. डेटाबेस कमी अंक ठेवणार असेल तर ऑब्जेक्टला जास्त अंक कधी दिसताच कामा नयेत. सेव्ह करताना छाटणे उशिराचे असते, कारण तोवर ती वेळ इव्हेंटमध्ये, लॉगमध्ये, एपीआयच्या उत्तरात गेलेली असते.

जावात घड्याळ बाहेरून इंजेक्ट करा आणि क्लॉक.टिक ला १००० नॅनोसेकंदांचा ड्युरेशन देऊन मायक्रोसेकंदांचे घड्याळ बनवा. मिलिसेकंदांसाठी जावा ९ पासून क्लॉक.टिकमिलिस तयारच आहे. एखाद्या ठिकाणीच करायचे असेल तर ट्रंकेटेडटू आणि क्रोनोयुनिट.मायक्रोस पुरेसे आहेत. डॉटनेटमध्ये टिक्सची संख्या १० च्या पटीत खाली आणा. गोमध्ये ट्रंकेट वापरले की अंकही कापले जातात आणि मोनोटोनिक वाचनही गळून पडते, दोन कामे एकदम होतात. पायथनमध्ये ६ अंक हवे असतील तर काहीच करावे लागत नाही. ३ हवे असतील तर मायक्रोसेकंदांना १००० ने पूर्णांक भागाकार देऊन पुन्हा १००० ने गुणा.

मग कोडमध्ये थेट 'आत्ताची वेळ' मागणाऱ्या जागा शोधून काढा आणि त्या सगळ्या एका घड्याळातून जातील असे करा. कोड रिव्ह्यूमध्ये किंवा लिंटच्या नियमाने थेट हाक मारणे बंद करा. एक जागा जरी सुटली तरी तिथूनच तफावत परत शिरते.

छाटायचेच का, राउंड का नाही? कारणे दोन आहेत. राउंड केलेली वेळ भविष्यात जाऊ शकते. मायएसक्यूएलच्या ० अंकी कॉलममध्ये ती अर्ध्या सेकंदापर्यंत पुढे जाते आणि 'आत्तापर्यंत बदललेल्या नोंदी आणा' अशा क्वेरीतून नुकतीच बदललेली नोंद निसटते. दुसरे कारण मला अधिक पटते. राउंडिंगचे उत्तर मार्गावर अवलंबून असते, छाटणीचे नसते. .१२३४९९६ घ्या. थेट ३ अंकांवर राउंड केले तर .१२३ येते. आधी ६ अंकांवर केले तर .१२३५०० आणि तिथून ३ वर केले तर .१२४. एकच क्षण दोन वाटांनी दोन ठिकाणी पोहोचला. छाटणीत कोणत्याही वाटेने .१२३ च येते.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही जास्तीचे अंक आले की राउंड करतात. मायएसक्यूएलला ८.०.१ पासून टाइम_ट्रंकेट_फ्रॅक्शनल या एसक्यूएल मोडने छाटायला लावता येते. पण ते सेटिंग प्रत्येक सर्व्हरवर आणि प्रत्येक सेशनला लागू राहील या भरवशावर मी राहणार नाही. अ‍ॅपनेच नेमके अंक पाठवले तर डेटाबेसला राउंड करायला काही उरतच नाही.

सहावा टप्पा : कॉलम आणि मॅपिंग एका मापाचे करा

सध्या काय आहे ते इन्फर्मेशन_स्कीमाच्या कॉलम्स या व्ह्यूमध्ये दिसते. डेटटाइम_प्रिसिजन हा रकाना मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हीकडे आहे. प्रत्येक टेबलचा प्रत्येक वेळेचा कॉलम त्यात तपासा.

स्कीमा ओआरएमने बनवला आहे म्हणून अंक बरोबर असतील असे गृहीत धरू नका. जँगो मायएसक्यूएलवर डेटटाइम(६) बनवते. रेल्स ७.० पासूनच्या मायग्रेशन (टेबलची रचना बदलणाऱ्या फाइली) ६ अंक धरतात, पण त्याआधी बनलेले कॉलम जुन्याच मापाचे राहतात. एसक्यूएलअल्केमीचा सर्वसाधारण डेटटाइम मायएसक्यूएलवर अपूर्णांकाशिवाय उतरतो. तिथे मायएसक्यूएलचा स्वतःचा डेटटाइम प्रकार घेऊन एफएसपी (अपूर्णांकाच्या अंकांची संख्या) ६ द्यावे लागते.

मायएसक्यूएलमध्ये कॉलम बदलताना मॉडिफाय बरोबर पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते. नॉट नल, डीफॉल्ट, ऑन अपडेट यांतले जे लिहिणार नाही ते उडेल. शिवाय डीफॉल्टमधल्या करंट_टाइमस्टॅम्पलाही (६) लावा. कॉलम ६ चा आणि डीफॉल्ट ० चा असेल तर मायएसक्यूएल व्याख्याच नाकारते. क्वेरीत हाताने लिहिलेला नाऊ() मात्र कुणी अडवत नाही. तो ० अंकच देतो आणि ६ अंकी कॉलममध्ये सहा शून्ये गुपचूप बसतात. नाऊ(६) लिहा.

वेळ अ‍ॅप देणार की डेटाबेस, हेही इथेच ठरवा. डेटाबेसने दिलेली वेळ ऑब्जेक्टला आपोआप कळत नाही. पोस्टग्रेसमध्ये रिटर्निंग लावून साठलेली किंमत त्याच फेरीत परत घ्या. जिथे ती सोय नाही तिथे सेव्हनंतर ऑब्जेक्ट रिफ्रेश करा. पोस्टग्रेसचा नाऊ() ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतो हेही ध्यानात ठेवा. एका ट्रान्झॅक्शनमध्ये शंभर नोंदी टाकल्या तर शंभरही नोंदींची वेळ शेवटच्या अंकापर्यंत एकच असते.

नोडमध्ये पोस्टग्रेसचा ड्रायव्हर वेळ डेटमध्ये बदलून देतो आणि शेवटचे तीन अंक जातात. ६ अंक लागणार असतील तर त्या कॉलमप्रकारांचा टाइप पार्सर बदलून किंमत मजकूर म्हणूनच घ्या.

ऑब्जेक्टच्या ईक्वल्स आणि हॅशकोडमध्ये वेळ घालू नका. रिफ्रेशनंतर अंक बदलले की हॅश बदलतो आणि सेटमध्ये ठेवलेला ऑब्जेक्ट त्याच सेटला सापडत नाही. डर्टी चेकिंगचेही, म्हणजे कोणते फील्ड बदलले ते ओआरएमने ताडून पाहण्याचेही, तसेच. बाहेर राहिलेला, जास्त अंकांचा ऑब्जेक्ट मर्ज केला की ओआरएमला फील्ड बदललेले दिसते, विनाकारण अपडेट जाते आणि बदलाची वेळ पुढे सरकते.

सातवा टप्पा : वेळेकडून आवृत्तीचे काम काढून घ्या

ऑप्टिमिस्टिक लॉकिंगसाठी, म्हणजे रेकॉर्ड न अडवता मधे दुसऱ्याने बदल केला का ते सेव्ह करताना तपासण्यासाठी, 'आयडी हा आणि बदलाची वेळ ही असेल तरच अपडेट करा' अशी अट घालणारे कोड भरपूर आढळते. ऑब्जेक्टकडे ९ अंक आणि कॉलममध्ये ६ असतील तर शून्य ओळी बदलतात आणि खोटा संघर्ष उभा राहतो. वापरकर्ता वैतागतो, पण चूक निदान कळते. उलटी बाजू जास्त घातक आहे. कॉलम सेकंदाचा असेल आणि एकाच सेकंदात दोघांनी बदल केले, तर दोघांकडची वेळ जुळते, दोन्ही अपडेट यशस्वी होतात आणि पहिल्याचे काम कोणताही संदेश न येता पुसले जाते.

अंक वाढवून ही शक्यता कमी होते, संपत नाही. घड्याळ मागेही सरकू शकते. आवृत्तीसाठी पूर्णांकाचा वेगळा कॉलम ठेवा आणि प्रत्येक अपडेटला तो एकाने वाढवा. हायबरनेटचा व्हर्जन, एंटिटी फ्रेमवर्कचा कॉन्करन्सी टोकन, रेल्सचा लॉक_व्हर्जन, सोय जवळपास सगळीकडे आहे.

आठवा टप्पा : क्वेरी दुरुस्त करा

दिवसाचा शेवट २३:५९:५९.९९९९९९९९९ असा काढून बिटवीन लावू नका. जावाचा लोकलटाइम.मॅक्स नेमकी हीच किंमत आहे. ६ अंकांवर राउंड होताच ती दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र होते आणि त्या क्षणाची नोंद दोन्ही दिवसांच्या अहवालांत मोजली जाते. सुरुवातीला 'पेक्षा मोठे किंवा समान' आणि शेवटी पुढच्या दिवसाच्या सुरुवातीपेक्षा 'लहान' अशी अट घाला. मग कॉलम किती अंकांचा आहे याने फरक पडत नाही.

पेजिनेशनमध्ये, म्हणजे नोंदी पानापानाने आणताना, अंक गळणे कसे बाधते ते नीट पाहा. पानातल्या शेवटच्या नोंदीची वेळ .१२३४५६ आहे आणि क्लायंटकडे कर्सर (पुढचे पान कुठून सुरू करायचे त्याची खूण) म्हणून .१२३ गेला. चढत्या क्रमात '.१२३ पेक्षा मोठे' मागितले की तीच नोंद पुन्हा येते. तेवढ्या मिलिसेकंदात एका पानापेक्षा जास्त नोंदी असतील तर तेच पान अखंड फिरत राहते. उतरत्या क्रमात '.१२३ पेक्षा लहान' मागितले की .१२३४०० ची नोंद कायमची निसटते. कर्सर पूर्ण अंकांसह, मजकूर म्हणून, क्लायंटने न उलगडता परत पाठवावा असा द्या. वेळेबरोबर आयडीही क्रमात आणि तुलनेत घ्या, कारण समान वेळेच्या नोंदी असणारच. ठरावीक काळाने 'मागच्या वेळेनंतरच्या नोंदी' उचलणाऱ्या सिंक जॉबलाही हेच लागू आहे.

मजकुराचा क्रम हा वेगळा सापळा आहे. जावाचा इन्स्टंट मजकुरात अपूर्णांक ०, ३, ६ किंवा ९ अंकांनी लिहितो, आणि पायथनचा आयसोफॉरमॅट मायक्रोसेकंद शून्य असतील तर अपूर्णांकच वगळतो. जगभराच्या प्रमाणवेळेची खूण असलेले झेड हे अक्षर वर्णक्रमात बिंदूच्या नंतर येते. त्यामुळे मजकूर म्हणून लावल्यावर पूर्ण सेकंदाची वेळ अर्ध्या सेकंदानंतर जाऊन बसते. एसक्यूलाइटमध्ये वेळ मजकुरात ठेवत असाल, किंवा मजकुरावरून हॅश किंवा स्वाक्षरी काढत असाल, तर अंकांची संख्या नेहमी ठरलेली ठेवा, शून्ये असली तरी.

नववा टप्पा : चालू प्रणालीत बदल उतरवणे

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉलम रुंद करा, मग छाटणारे घड्याळ असलेला कोड सोडा. उलट केले तर मधल्या काळात ६ अंकी किंमती ० अंकी कॉलममध्ये राउंड होत राहतील. पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टॅम्पचे अंक वाढवताना टेबल नव्याने लिहावे लागत नाही. मायएसक्यूएलमध्ये डेटटाइमवरून डेटटाइम(६) वर जाताना प्रत्येक किंमत ५ बाइटवरून ८ बाइटवर जाते आणि टेबलची नक्कल होते, म्हणून मोठ्या टेबलासाठी शांत वेळ निवडा.

जुन्या ओळींत अपूर्णांकाच्या जागी शून्ये येतील. ती खरी वेळ नाही. एकाच सेकंदातल्या जुन्या नोंदींचा खरा क्रम त्यातून कधीच निघणार नाही, तिथे आयडीवरच विसंबा. बदलाच्या वेळी अर्धवट असलेल्या सिंक जॉबचा शेवटचा टप्पा एक-दोन सेकंद मागे घ्या आणि आलेल्या नोंदी आयडीने पारखून दुहेरी टाळा.

टेस्टमध्ये तुलनेला 'एक मिलिसेकंद इकडेतिकडे चालेल' अशी सूट देऊन हिरवा रंग मिळवू नका. 'नुकतेच घडले' एवढेच तपासायचे असेल तिथे सूट योग्य आहे, लिहून परत वाचण्याच्या टेस्टमध्ये नाही. तिथे .९८७६५६७८९ देणारे स्थिर घड्याळ छाटणाऱ्या घड्याळाच्या आत बसवा, प्रत्यक्षात वापरता त्याच डेटाबेसवर टेस्ट चालवा आणि तंतोतंत समानता मागा. वेळेचा नवा कॉलम जोडणाऱ्या प्रत्येक मायग्रेशननंतर डेटटाइम_प्रिसिजन तपासणारी एक छोटी टेस्टही बिल्डमध्ये ठेवा. ठरलेल्या अंकांपेक्षा वेगळा कॉलम आढळला की तिने त्या टेबलचे आणि कॉलमचे नाव सांगून बिल्ड थांबवावे.